वारंवार निखळणारा खांदा: ऑपरेशननंतरच्या पंधरा-वीस वर्षांचा हिशेब

खांद्याचं ऑपरेशन झालेला तरुण सहा महिन्यांनी तपासणीला येतो तेव्हा बहुतेक वेळा सगळं ठीकच असतं. हात वर जातो, फारसं दुखत नाही, झोपेत कूस बदलताना खांदा सटकत नाही. घरचे म्हणतात, ऑपरेशन यशस्वी झालं. पण या दुखण्याचा निकाल सहा महिन्यांत लागत नसतो. एका प्रकारच्या ऑपरेशनानंतर (बँकार्ट, त्याची माहिती पुढे येईल) पहिली दोन-तीन वर्षं उत्तम जातात आणि मग काही जणांचे खांदे हळूहळू पुन्हा निसटू लागतात, अगदी आठव्या-दहाव्या वर्षीसुद्धा. दुसऱ्या प्रकारात (लाटार्जे) जे बिघडायचं ते बहुधा सुरुवातीलाच बिघडतं. तो काळ निभावला की खांदा पुढे वर्षानुवर्षं जागेवर राहतो. कोणाला कुठलं ऑपरेशन लागेल हे टेबलावर झोपवल्यावर ठरवायचं नसतं. ते आधी, सीटी स्कॅनवर हाड मोजून ठरवायचं असतं. आणि घाईत राहून जाते ती नेमकी ही मोजणीच.

मराठवाड्यात खांदा उतरतो तो कबड्डीत, कुस्तीत, पोलीस भरतीसाठी ७.२६० किलोचा गोळा फेकताना, विहिरीत सूर मारताना, उसाची मोळी ट्रॉलीत चढवताना, आणि अर्थातच मोटारसायकल घसरून. प्रसंग वेगवेगळे असले तरी हाताची ठेवण बहुतेक वेळा एकच असते: दंड खांद्याइतका वर, कोपर वाकलेलं, पंजा मागे गेलेला, आणि त्याच वेळी मागून झटका. अशा झटक्याने दंडाच्या हाडाचा गोळा पुढच्या बाजूला निसटतो. निखळलेल्या खांद्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पुढेच निखळतात. मागे निखळणारे थोडे. त्यांच्याकडे नंतर येऊ, कारण त्यांच्या बाबतीत होणारी चूक वेगळीच आहे.

पहिल्यांदा निखळतो तेव्हा आत काय तुटतं

खुब्याच्या सांध्यात गोळा खोल खड्ड्यात बसलेला असतो. खांद्याची खोबण मात्र उथळ आणि छोटी असते. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच तिला टेकलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. ही उणीव भरून काढायला खोबणीच्या काठाभोवती एक चिवट, रबरासारखी कडा असते. तिला लेब्रम म्हणतात. उतारावर उभ्या केलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावतात, तेच काम ती करते. या कडेलाच सांध्याचं आवरण आणि पुढचे बंध जोडलेले असतात.

गोळा पुढे निसटतो तेव्हा पुढची-खालची कडा बंधांसकट हाडापासून सुटते. लंडनचे सर्जन ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये ही इजा ठळकपणे मांडली, म्हणून तिला बँकार्टची इजा म्हणतात. (जर्मनीच्या पेर्थेस यांनी ती १९०६ मध्येच लिहून ठेवली होती, पण नाव बँकार्टचं राहिलं.) दुसरी इजा गोळ्याच्या पाठीमागच्या बाजूला होते. निसटलेला गोळा खोबणीच्या टणक काठावर आपटतो आणि त्याला खोक पडते. हिल आणि सॅक्स या अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञांनी १९४० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती हिल-सॅक्सची खोक.

म्हणजे एकाच झटक्यात समोर कडा सुटते आणि मागे खोक पडते. खांदा पुन्हा बसवला की दुखणं तासाभरात उतरतं, आणि म्हणून हाडवैद्याकडे ओढून बसवून घेतल्यावर विश्वास बसतो. पण सुटलेली कडा बऱ्याचदा आपल्या जागी चिकटत नाही. ती हाडाच्या मानेवर खाली घसरून तिथेच जुळते, आणि खोबणीचा पुढचा काठ उघडा राहतो. चोळून, लेप लावून हे भरून येत नाही. एक्सरे न काढता ओढण्यात आणखी एक धोका आहे. निखळण्यासोबत हाड मोडलेलं असेल तर ओढताना मोडलेले तुकडे सरकतात. काखेतली नस ताणली गेली असेल तर ती आधीच दुखावलेली होती की ओढताना दुखावली हेही मग कळत नाही. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे सैनिकाच्या बाहीवर पट्टी असते तिथली कातडी बधिर आहे का, हे बसवण्याआधी आणि बसवल्यावर असं दोन्ही वेळा तपासून कागदावर लिहायला हवं.

पुन्हा निखळेल का? वय सांगतं

पहिल्यांदा निखळला त्या वेळी वय काय होतं, हा पुढचं भाकीत करायचा सगळ्यात भरवशाचा आकडा. एडिंबरामध्ये १५ ते ३५ वयाच्या रुग्णांवर नजर ठेवून २००६ मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात दोन वर्षांत सुमारे ५६ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ६७ टक्के खांदे पुन्हा अस्थिर झाले. वय जितकं कमी तितका धोका जास्त. विशीच्या आतला, अंगाला अंग भिडणारा खेळ खेळणारा मुलगा असेल तर तो परत निखळणार असंच धरून चालावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण प्रत्येक निखळलेल्या खांद्याला ऑपरेशन लागतंच असं नाही. स्वीडनमध्ये होवेलियस आणि सहकाऱ्यांनी १९७८-७९ पासून १२ ते ४० वयाच्या, पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या अडीचशेहून जास्त रुग्णांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. ऑपरेशन न करता सुरुवात केलेल्या या गटात पंचवीस वर्षांनंतर साधारण निम्मे खांदे पुन्हा एकदाही निखळले नव्हते किंवा फक्त एकदाच निखळले होते. आणखी सुमारे १४ टक्के आधी वारंवार निखळत होते, पण वयानुसार आपोआप स्थिर झाले. ऑपरेशनची वेळ आली ती २७ टक्क्यांवर. तीन-चार आठवडे हात अंगाला बांधून ठेवला की लगेच हलवायला सुरुवात केली, याने पुढच्या निकालात फरक पडला नाही. आपल्याकडे महिना-दीड महिना पट्टा बांधून "आता जुळलं" असं समजतात, त्यांनी ही शेवटची गोष्ट लक्षात घ्यावी.

हाड झिजतं, तिथे गणित बदलतं

खांदा जितक्या वेळा निखळतो तितक्या वेळा गोळा खोबणीच्या त्याच काठावरून घासत जातो. काठ आधी झिजतो, मग चपटा होतो. खोबणीची रुंदी साधारण २५ मिलिमीटर धरा. पाच मिलिमीटर गेले म्हणजे वीस टक्के गेले. पाच मिलिमीटर म्हणजे तुमच्या करंगळीच्या अर्ध्या नखाएवढंच, पण तेवढ्याने सगळा डाव बदलतो.

बर्कहार्ट आणि डी बिअर यांचा २००० सालचा लेख या विषयात अजून सांगितला जातो. दुर्बिणीतून कडा शिवलेल्या १९४ खांद्यांत, हाडाचा मोठा तोटा नसलेल्यांपैकी चार टक्के पुन्हा निखळले. तोटा असलेल्यांपैकी ६७ टक्के. सर्जन तेच होते आणि टाके घालायची पद्धतही तीच; फरक होता हाडाचा. पूर्वी २० ते २५ टक्के ही धोक्याची रेघ मानत. २०१५ मध्ये अमेरिकी लष्करातल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासाने दाखवलं की १३.५ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच, खांदा निखळला नाही तरी माणूस समाधानी राहत नाही. म्हणून अलीकडे रेघ खाली आली आहे.

मोजायचं कसं? साध्या एक्सरेवर अंदाज येतो, माप येत नाही. एमआरआयवर कडा आणि आवरण चांगलं दिसतं. हाडासाठी त्रिमितीय सीटी स्कॅन हवा आणि त्यात गोळा वजा करून खोबण समोरून दाखवलेली असायला हवी. खोबणीच्या खालच्या भागात एक पूर्ण वर्तुळ बसवतात. पुढच्या बाजूला वर्तुळ आणि हाड यांत जितकं अंतर, तितकं हाड गेलेलं. सीटी सेंटरला चिठ्ठी देताना डॉक्टरांनी हे लिहिलेलं असलं तर सेंटरवाले तशी चित्रं काढून देतात. नुसतं "खांद्याचा सीटी" लिहिलं तर ती मिळतीलच असं नाही.

आता खोक आणि झीज यांचा एकत्र हिशेब. हा हिशेब २०१४ मध्ये डी जियाकोमो, इतोई आणि बर्कहार्ट यांनी सोपा करून दिला. हात वर-मागे नेताना खोबण गोळ्यावरून जिथून सरकते तो पट्टा म्हणजे खोबणीच्या मूळ रुंदीच्या ८३ टक्के, वजा झिजलेलं हाड. समजा मूळ रुंदी २५, झीज ४ मिलिमीटर. ८३ टक्क्यांनी २०.७५ आले, त्यातून ४ गेले, राहिले १६.७५. आता गोळ्यामागची खोक, स्नायू जिथे चिकटतो त्या जागेपासून खोकेच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. ती १४ आली तर खोक पट्ट्याच्या आतच राहते, खोबण तिच्यात अडकत नाही. ती १९ आली तर खोक पट्ट्याबाहेर जाते, हात मागे नेला की खोबणीचा काठ खोकेत अडकतो आणि गोळा उपटला जातो. अशा खांद्याची नुसती पुढची कडा शिवून भागत नाही.

सीटी हाताशी नसेल तर बाल्ग आणि बॉयलो यांचे २००७ चे दहा गुण वापरता येतात. ऑपरेशनच्या वेळी वय वीस किंवा कमी: दोन. स्पर्धेत खेळतो: दोन. अंगाला अंग भिडणारा किंवा हात डोक्यावर नेऊन जोर लावायचा खेळ: एक. सांधे मुळातच सैल: एक. हात बाहेर वळवून काढलेल्या एक्सरेत खोक दिसते: दोन. एक्सरेत खोबणीच्या काठाची रेघ तुटलेली: दोन. एकोणीस वर्षांचा, जिल्हा पातळीवर कबड्डी खेळणारा मुलगा घ्या. एक्सरे बघायच्या आतच त्याचे पाच गुण झाले. खोक दिसली की सात. मूळ लेखात सहापेक्षा जास्त गुण असलेल्यांमध्ये दुर्बिणीतून शिवलेले खांदे ७० टक्के वेळा परत निखळले होते. सहा किंवा कमी असलेल्यांमध्ये दहा टक्के. पुढे अनेक सर्जननी ही रेघ चारपर्यंत खाली आणली.

दोन ऑपरेशनं

पहिलं, बँकार्ट दुरुस्ती. आज ती बहुधा दुर्बिणीतून होते. दोन-तीन छोटी छिद्रं, सुटलेली कडा हाडावरून सोडवून पुन्हा वर काठावर आणायची, आणि तीन मिलिमीटरच्या आसपासच्या छोट्या खुंट्या हाडात बसवून त्यांच्या दोऱ्यांनी ती बांधायची. खुंट्यांना अँकर म्हणतात. किमान तीन, शक्यतो चार अँकर हवेत. त्याहून कमी टाकले की परत निखळण्याचं प्रमाण वाढतं. बिलात अँकरची संख्या लिहिलेली असते, ती बघा. खोक मोठी असेल तर मागचा स्नायू त्या खोकेत शिवून ती बुजवतात. त्याला रेम्प्लिसाज म्हणतात. २०२१ मध्ये छापलेल्या एका चाचणीत चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले होते. दोन वर्षांत नुसतं शिवलेल्यांपैकी १८ टक्के आणि खोकही बुजवलेल्यांपैकी चार टक्के परत निखळले. या बुजवण्याचा फायदा आपल्याकडे जितका घेतला जायला हवा तितका घेतला जात नाही, असं आमचं मत आहे. जास्तीचे अँकर एक-दोनच लागतात.

दुसरं, लाटार्जे. फ्रान्समधल्या लियोंचे मिशेल लाटार्जे यांनी १९५४ मध्ये ते सांगितलं. खांद्यापुढे हाडाचा एक आकडा असतो, कोरॅकॉइड. त्याचा सुमारे दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, त्याला चिकटलेल्या स्नायूबंधासकट कापून घ्यायचा, पुढच्या स्नायूला उभी-आडवी न कापता फट पाडून तिच्यातून आत न्यायचा आणि खोबणीच्या झिजलेल्या काठावर दोन स्क्रूंनी बसवायचा. फायदा फक्त हाड भरण्याचा नाही. हात वर-मागे गेला की तो स्नायूबंध गोळ्यापुढे ताणला जातो आणि त्याला पट्ट्यासारखा अडवून धरतो. नेमक्या धोक्याच्या स्थितीत सगळ्यात जास्त आधार याचाच मिळतो.

हे ऑपरेशन सोपं नाही. तुकडा खोबणीच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावला तर गोळा वर्षानुवर्षं त्यावर घासतो आणि सांधा झिजतो. जास्त आत बसला तर खांदा परत निखळू शकतो. स्क्रू तिरके गेले तर मागची नस धोक्यात येते. ऑपरेशननंतर पुढून काढलेल्या एक्सरेत स्क्रू कसे दिसतात यापेक्षा तुकडा कुठे बसलाय हे महत्त्वाचं, आणि ते सीटीवरच नीट कळतं.

दहा-पंधरा वर्षांनी काय दिसतं

किमान दहा वर्षांचा पाठपुरावा असलेल्या अभ्यासांचे दोन आढावे २०१९ मध्ये छापून आले. दुर्बिणीतल्या बँकार्टच्या आढाव्यात आठशेहून जास्त खांदे होते. सुमारे ३१ टक्क्यांमध्ये अस्थिरता परतली; त्यात पूर्ण निखळलेले १६ टक्के, बाकीचे अर्धवट सटकणारे. पुन्हा ऑपरेशन लागलं सुमारे १७ टक्क्यांना. उघड्या लाटार्जेच्या आढाव्यातही आठशेहून जास्त खांदे, सरासरी पाठपुरावा साडेसोळा वर्षांचा. अस्थिरता परतली सुमारे साडेआठ टक्क्यांमध्ये, पूर्ण निखळले तीन टक्के, पुन्हा ऑपरेशन चार टक्क्यांच्या आत. झुरिकमध्ये एकाच संस्थेत झालेल्या दोन्ही ऑपरेशनांची तुलना २०१६ मध्ये छापली गेली. सरासरी दहा वर्षांनंतर बँकार्टनंतर २८ टक्के खांदे निखळले किंवा सटकले, लाटार्जेनंतर तीन टक्के.

हे आकडे वाचून "मग सगळ्यांना लाटार्जेच करा" असं वाटणं साहजिक आहे. इथे थोडं थांबावं लागतं. बँकार्टच्या जुन्या आकड्यांत असे कितीतरी रुग्ण आहेत ज्यांचं हाड तेव्हा मोजलंच नव्हतं आणि आजच्या मापाने ज्यांना ते ऑपरेशन दिलंच नसतं. हाड शाबूत, वय पंचविशीच्या पुढे, खोक पट्ट्याच्या आत, अशा माणसाला बँकार्ट चांगलं टिकतं, आणि त्यात शरीराची मूळ रचना बदलत नाही. लाटार्जेत ती कायमची बदलते. पुढे काही कारणाने तिथे पुन्हा ऑपरेशन करायचं झालं तर नसा आणि स्नायू नेहमीच्या जागी नसतात. शिवाय लाटार्जेच्या त्याच आढाव्यात एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांना थोडंफार दुखणं राहिलेलं होतं. खांदा न निखळणं म्हणजे खांदा न दुखणं नव्हे.

बँकार्ट फसलं तर पुढचा पर्याय बहुधा लाटार्जे असतो. तो उपयोगी पडतो, पण पहिल्याच वेळी केलेल्या लाटार्जेइतका चांगला निकाल दुसऱ्या वेळी मिळत नाही. लाटार्जे फसलं तर कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन खोबण बांधावी लागते. म्हणून ऑपरेशनची पहिली निवडच काटेकोर हवी.

सांध्याची झीज

ऑपरेशन केलं की पुढे संधिवात येणार नाही, असं अनेकांना सांगितलं जातं. स्वीडनच्याच गटात पंचवीस वर्षांनी काढलेल्या एक्सरेत निम्म्याहून जास्त खांद्यांत कमी-जास्त झीज दिसली. मध्यम ते तीव्र झीज चौथाईच्या आसपास. ज्यांचा खांदा आयुष्यात पुन्हा कधीच निखळला नाही, त्यांच्यातही मध्यम-तीव्र झीज १८ टक्के होती. म्हणजे पहिल्या झटक्यातच कूर्चेला इजा झालेली असते. वारंवार निखळला तर ती वाढते. ऑपरेशन पुढची भर थांबवतं, आधी झालेलं पुसत नाही.

दहा वर्षांहून जुन्या बँकार्टमध्ये सुमारे ६० टक्के खांद्यांच्या एक्सरेत काहीतरी झीज दिसते, पण मध्यम-तीव्र असते ती दहा टक्क्यांच्या आसपास. एक्सरेतली झीज आणि माणसाचा त्रास यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. एक्सरे बघून घाबरू नये.

ऑपरेशनमुळेच झीज होते असेही प्रकार आहेत. जुन्या पद्धतींत, उदाहरणार्थ पुट्टी-प्लाटमध्ये, पुढचं आवरण आणि स्नायू घट्ट आवळून टाकत. खांदा निखळायचा थांबे, पण हात बाहेर वळेनासा होई, गोळा कायम मागे ढकलला जाई आणि वीसएक वर्षांत सांधा खलास होई. पन्नाशी-साठीच्या ज्या माणसांच्या खांद्यावर समोर जुना लांब व्रण आहे आणि कोपर अंगाला टेकवून पंजा बाहेर वळत नाही, त्यांच्या बाबतीत हे आठवावं.

काय बिघडतं आणि कधी

पहिल्या काही दिवसांत नस ताणल्याने बधिरपणा किंवा कोपर वाकवायला कमजोरी येऊ शकते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते भरून येतं. खांद्यात पू धरणारा एक जंतू काखेच्या आणि खांद्याच्या कातडीत मुळातच राहतो आणि फार हळू वाढतो. त्यामुळे ताप न येता, दोन-तीन महिन्यांनी वाढत जाणारं दुखणं आणि आखडणं एवढंच लक्षण असू शकतं. अशा वेळी रक्ताची तपासणीही जवळपास ठीक येते. लाटार्जेत तुकडा न जुळणं, विरघळत जाणं, स्क्रू सैल होणं हे प्रकार होतात. विडी-सिगारेट आणि तंबाखूतलं निकोटिन हाड जुळायला अडथळा करतं. ऑपरेशनआधी महिनाभर आणि नंतर तीन महिने गुटख्याची पुडी बंद, यात सूट नाही. हात फिरवताना "कट्ट" असा आवाज आणि सोबत दुखणं हे नव्याने सुरू झालं तर एक्सरे आणि सीटी करून स्क्रू बघून घ्यावा.

फिट येणाऱ्या माणसाचं गणित वेगळं. फिट आली की कितीही मजबूत दुरुस्ती उपटली जाते. आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडून गोळ्या व्यवस्थित बसवून फिट आटोक्यात आणायच्या, मग खांद्याचं बघायचं. शेतात मोटारीचा शॉक बसल्यानंतर हात अंगाला चिकटलेला, आत वळलेला आणि बाहेर फिरतच नसेल तर खांदा मागे निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्सरेत तो जवळजवळ नेहमीसारखा दिसतो आणि "मुका मार आहे" म्हणून घरी पाठवला जातो. काखेतून घेतला जाणारा एक्सरे काढायला सांगा. त्यात लगेच कळतं.

चाळिशीनंतर पहिल्यांदा निखळला तर परत निखळण्यापेक्षा स्नायू फाटण्याची भीती जास्त. खांदा बसवून दोन-तीन आठवड्यांनीही हात स्वतःहून वर जात नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी. आणि ज्यांचे दोन्ही खांदे, कोपरं, अंगठे मुळातच सैल आहेत, कुठलीही मोठी इजा न होता खांदा पुढे-खाली-मागे सरकतो, त्यांना आधी सहा महिने नेटाचा व्यायाम. ऑपरेशन नंतरचा विचार.

हंगाम बघून तारीख घ्या

पहिले तीन-चार आठवडे हात स्लिंगमध्ये. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. मात्र लाटार्जेत सहा आठवडे कोपर वाकवून काहीही उचलायचं नाही, पाण्याची कळशी तर नाहीच, कारण तो स्नायू बसवलेल्या तुकड्यालाच ओढतो. अंघोळीच्या वेळी पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि काख धुऊन कोरडी करायची. उन्हाळ्यात इथे घामोळ्याने जखम बिघडते. समोर गुंड्या असलेला सदरा, आधी ऑपरेशनचा हात आत, काढताना तो शेवटी. सहा आठवड्यांनंतर हात बाहेर वळवण्याची हळूहळू मुभा, तीन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम. मोटारसायकल दोन महिन्यांच्या आत नको. खड्ड्यातला हँडलचा झटका थेट खांद्यात जातो. कबड्डी-कुस्ती बँकार्टनंतर सहा महिन्यांनी, लाटार्जेनंतर तुकडा जुळल्याचं सीटीत दिसल्यावर चार ते सहा महिन्यांनी.

हेच वेळापत्रक ऊसतोडीला लावून बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. ऑगस्टमध्ये ऑपरेशन करून घेतलं आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असली, तर तिसऱ्याच महिन्यात डोक्यावर मोळी येते. बीड-धाराशिवकडच्या कामगाराने हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये तारीख घ्यावी. मोळीच्या आधी पाच-सहा महिने हातात राहतात. भरतीच्या मैदानी चाचणीचंही तसंच. सहा महिने हातात नसतील तर त्या वर्षीचा गोळा सोडलेला बरा.

गावात फिजिओथेरपिस्ट नसतो, ही खरी अडचण. निदान तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात एकेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन पुढच्या टप्प्याचे व्यायाम शिकून यावेत आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून आणावा. मधल्या काळात कोणीही हात धरून जबरदस्तीने वाकवायचा नाही.

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे अस्थिरोग विभाग आहेत. तुमच्या खांद्याचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, त्यात अँकर आणि स्क्रूचा खर्च धरलाय का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा; रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच: हाड किती मिलिमीटर गेलंय, खोक पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, आणि तुम्ही ठरवलेलं ऑपरेशन वर्षाला किती करता. तिसरा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, पण लाटार्जेमध्ये सवयीच्या हाताला फार किंमत आहे.

सुट्टी होताना ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. त्यात कुठल्या बाजूला किती अँकर, कुठल्या पदार्थाचे, स्क्रू किती मिलिमीटरचे, खोक बुजवली की नाही हे लिहिलेलं असतं. खोक्यांवरची स्टिकरं त्यालाच चिकटवलेली असतात. सीटीची सीडी काही वर्षांत खराब होऊ शकते, तिच्यातल्या फाइली फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. पंधरा वर्षांनी खांदा पुन्हा कुरकुरला, किंवा साठीनंतर सांधा बदलायची वेळ आली, तर त्या वेळच्या सर्जनला स्क्रू काढायला नेमका कुठला पाना लागेल हे त्या कागदावरूनच कळतं.